कॉम्प्युटरवर चॅट करताना जाहिराती दिसतात? आधी त्या येतात कुठून ते बघा

ऑफिसचं काम सुरू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन येतो : 'तुम्हाला १ नवा मेसेज आला आहे'. क्लिक केलं तर मेसेज नसतोच, उघडते लॉटरीची नाहीतर अँटिव्हायरसची जाहिरात. ती व्हॉट्सअ‍ॅपनेच दाखवली, असं अनेकांना वाटतं. मग 'अ‍ॅड रिमूव्हर' नावाचं काहीतरी डाउनलोड होतं आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

जाहिरात कुठून येते हे कळलं, तर ती घालवायला बहुतेक वेळा काहीच डाउनलोड करावं लागत नाही.

ब्राउझरमधून येणारी जाहिरात

वर सांगितलेला चौकोन बहुतेक वेळा ब्राउझरचं नोटिफिकेशन असतो. एखाद्या वेबसाइटवर घाईत 'अलाउ' दाबलं की ती साइट बंद केल्यावरही असे चौकोन पाठवू शकते. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स इथे जा. यादीतल्या अनोळखी साइट ब्लॉक करा.

अ‍ॅपची स्वतःची जाहिरात

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये स्काइपच्या कॉल विंडोत जाहिराती आणल्या. तेव्हा लोकांनी विंडोजच्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये स्काइपच्या जाहिरातींचा पत्ता 'रिस्ट्रिक्टेड साइट्स'च्या यादीत टाकून त्या थांबवल्या होत्या. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधली ही युक्ती आता उपयोगाची नाही.

टेलिग्रामवर मोठ्या सार्वजनिक चॅनेलमध्ये 'स्पॉन्सर्ड' मेसेज दिसतात. पैसे भरून प्रीमियम घेतलं तर ते दिसत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपने जून २०२५ मध्ये जाहिराती जाहीर केल्या, पण त्या स्टेटस आणि चॅनेल असलेल्या अपडेट्स टॅबपुरत्या. वैयक्तिक चॅटमध्ये नाहीत. चॅटमध्ये येणारा ऑफरचा मेसेज कुठल्यातरी नंबरवरून आलेला असतो. त्याला ब्लॉक आणि रिपोर्ट करणं पुरेसं आहे.

कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं अ‍ॅडवेअर

ब्राउझर बंद असतानाही जाहिराती उघडत असतील, तर फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत अ‍ॅडवेअर आलं असण्याची शक्यता आहे. विंडोजच्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत अनोळखी नावं शोधून ती काढा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधून फुल स्कॅन करा.

'अ‍ॅड रिमूव्हर' का नको?

व्हॉट्सअ‍ॅप वेब ब्राउझरमध्ये चालतं. एखाद्या एक्स्टेन्शनला सगळ्या वेबसाइट वाचायची परवानगी दिली, तर स्क्रीनवर उघडलेलं चॅटही ते वाचू शकतं. मेसेज एन्क्रिप्टेड असल्याचा इथे उपयोग होत नाही, कारण स्क्रीनवर येईपर्यंत तो उलगडलेला असतो. अ‍ॅपच्या बदललेल्या, म्हणजे 'मॉड' आवृत्त्यांचा धोका आणखी मोठा आहे. त्यात कोणी काय घातलंय हे वापरणाऱ्याला कळत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा आवृत्त्या वापरणाऱ्यांची खाती बंदही करतं.

असं काही आधीच इन्स्टॉल केलं असेल तर ते काढून टाका. मग फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा, अनोळखी डिव्हाइस लॉग आउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. एक जाहिरात बघितल्याने फारतर दोन सेकंद वाया जातात, पण खातं दुसऱ्याच्या हातात गेलं तर तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जाऊ शकतात.