कोसंबींचे सूत्र, कोसंबींचा सूर्य

पिकांचे जनुक-नकाशे काढणाऱ्या संगणक प्रणालीत आजही एक पर्याय निवडावा लागतो: हाल्डेन की कोसंबी? हे कोसंबी म्हणजे प्राचीन भारताचे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबीच. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर संततीत त्यांची ताटातूट किती वेळा होते यावरून काढतात. पण गुणसूत्रांत एका ठिकाणी अदलाबदल झाली, की तिच्या शेजारी दुसरी होण्याचा संभव घटतो. हाल्डेन यांच्या १९१९च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता; कोसंबींनी तो १९४४मध्ये धरला. लेख छापला ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ने. माणसांची ‘सुप्रजा’ निवडू पाहणाऱ्या शास्त्राचे हे नाव त्या नियतकालिकाने १९५४मध्ये टाकून दिले. का, ते सांगायला नको.

ज्ञान कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न कोसंबींनी पुढे अणूबाबत विचारला, आणि तोही घरातच. १९४५पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संस्थेचे प्रमुख होमी भाभा हेच देशाच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत वावरत, आणि अणुवीज भारताला परवडणारी नाही, आपल्याकडे ऊन मुबलक आहे, त्यावर संशोधन करा, असे जाहीरपणे सांगत. १९६०मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबातही त्यांनी हेच मांडले.

१९६२मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. यात केवळ अणुविरोधाची शिक्षा पाहणे मला पटत नाही. रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा टिकला नव्हता. गणिती वर्तुळात त्यांची पत त्यामुळे घसरली होती. मात्र पत घसरलेल्या टीकाकाराला दूर करणे सोपे जाते, हेही खरे.

१९६९मध्ये हार्वर्डला जोनाथन बेकविथ यांच्या गटाने ई. कोलाय या जिवाणूचा एक जनुक वेगळा काढला आणि यश जाहीर करतानाच त्याच्या गैरवापराचा इशारा दिला. पुढच्या वर्षी मिळालेल्या पुरस्काराची रक्कम बेकविथ यांनी ब्लॅक पँथर चळवळीच्या कामाला दिली. ते हार्वर्डमध्येच राहिले. कोसंबी तोवर गेले होते, २९ जून १९६६ला, पुण्यात.

ऊन जिथे पडते तिथेच वापरता येते, तारा ओढाव्या लागत नाहीत, हा त्यांच्या म्हणण्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीसारख्या वस्तीला तो लगेच कळेल. पावसाळ्याचे चार महिने तिथे सूर्य दिसणे कठीण, ही अडचण तीच वस्ती त्यांना ऐकवील.