गोड पेये आणि मुलांचे वजन (धाराशिव जिल्हा)

साखर, गूळ, ग्लुकोज किंवा साखरेचा पाक घालून केलेली सर्व पेये या नोंदीत धरली आहेत : बाटलीतील थंड पेये, आंब्याच्या नावाने विकली जाणारी खोक्यातील पेये, पावडरीची सरबते, ऊर्जापेये, दुधात कालवायच्या गोड पावडरी आणि चहा. रसवंतीतला उसाचा रसही यातच येतो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील आणि वरून घातलेली साखर एकाच हिशेबात धरते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात मुलांच्या वजनाचा विषय निघाला की अंगणवाडीतला वजनकाटा आणि कमी वजनाच्या मुलांची यादी समोर येते. 2018 साली केंद्राने ठरवलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत हा जिल्हा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 36.1 टक्के मुले कमी वजनाची आणि 35.2 टक्के खुरटलेली आढळली. त्याच पाहणीत जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण मात्र चौथ्या फेरीतील 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेले होते. गोड पेयांचा दोष या दोन्ही टोकांना लागतो. भरपूर जेवणाऱ्या मुलाच्या आहारात ती उष्मांकांची भर घालतात. अपुरे जेवणाऱ्या मुलाची भूक मारतात आणि दुधाची, भाकरी-वरणाची जागा घेतात. इथल्या पोषणाच्या चर्चेत ही दुसरी बाजू फार थोड्यांच्या लक्षात येते.

इथल्या बहुतेक मुलांच्या तोंडी लागणारे पहिले गोड पेय म्हणजे चहा. सकाळी बशीत ओतलेला भरपूर साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेला बटर किंवा बिस्किटाचा पुडा, एवढ्यावर मूल शाळेत जाते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत आईबाप पहाटे फडात उतरतात आणि कोपीवर राहिलेल्या लेकराची न्याहारीही बहुधा हीच असते. उन्हाळ्यात पारा चाळीशीपार गेला की किराणा दुकानातल्या फ्रीजरमधून ‘पेप्सी’ निघते : प्लॅस्टिकच्या बोटभर जाडीच्या नळीत गोठवलेले रंगीत साखरपाणी. मूल नळीचे टोक दाताने तोडते, आधी रंग आणि गोडी चोखून घेते, मग उरलेला पांढरा बर्फ चघळते. यात्रेत, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात दहा रुपयांची बाटली असतेच, आणि पाहुण्याच्या मुलाला ती देणे हा मान समजला जातो.

250 मिली कोलात सुमारे 26 ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमचे साखर असते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1360 किलोकॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीप्रमाणे अशी साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत असावी. 5 टक्के म्हणजे या वयात 17 ग्रॅम. एक बाटली ती मर्यादा ओलांडते आणि चहा त्यावर वेगळा. पिण्यातून आलेल्या उष्मांकांनी पोट भरल्याची जाणीव कमी होते, त्यामुळे पुढच्या जेवणात तेवढी घट होत नाही. नेदरलँड्समध्ये 641 मुलांना दीड वर्ष रोज 250 मिली पेय देण्यात आले, काहींना साखरेचे आणि काहींना बिनसाखरेचे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटाचे वजन सरासरी 7.37 किलोने वाढले, दुसऱ्याचे 6.35 किलोने. लहान चणीच्या, कमी खाणाऱ्या मुलाचे मात्र उलट होते. जेवणाआधी चहा किंवा बाटली पोटात गेली की ते ताटावरून लवकर उठते.

अंग बारीक म्हणजे धोका नाही, हा समजही सोडायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात दिसले, की जन्मतः सरासरी 2.7 किलोची आपली बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा स्नायूंनी बरीच कमी असली तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकवून असतात. अशा शरीरावर पुढे साखरेचा मारा झाला, तर मधुमेहाचा धोका काट्यावरचा आकडा मोठा नसतानाही वाढतो.

जुलाबात ‘ओआरएस’ समजून गोड खोकी पाजणे ही याहून तातडीची चूक. खऱ्या क्षारसंजीवनीत लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. तशा नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेयांत साखर याच्या कितीतरी पट असे, आणि जादा साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. सरकारी दवाखान्यातली पुडी फुकट मिळते आणि तीच योग्य आहे.

याच प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा साखर, मीठ व मेदाचे पदार्थ विकता येत नाहीत. खेड्यात शाळेसमोरच किराणा दुकान असते, आणि ते बहुधा गावातल्याच कुणाच्या पोटापाण्याचे साधन असते. त्यामुळे हा नियम पाळला जाणे ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या आग्रहावरच राहते. शाळेत पिण्याचे थंड, स्वच्छ पाणी असणे हा बंदीइतकाच मोठा उपाय आहे; टंचाईच्या महिन्यांत तोच आधी कोलमडतो. घरात पर्याय जुनेच आहेत : ताक, ज्वारीची आंबील, बिनसाखरेचे दूध. दोन वर्षांखालील मुलाला वरून साखर घातलेले काहीही देऊ नये, आणि शाळकरी मुलाचा चहा बंद करून त्याला सकाळी भाकरी द्यावी.