वर्दीनंतरची निवडणूक

सिल्लोडची २०२४ची विधानसभा निवडणूक अवघ्या २,४२० मतांनी ठरली, तेव्हा मला उत्तराखंडचे मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी आठवले. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकलेले हे अभियंते निवृत्तीनंतर राजकारणात आले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचे काम त्यांनी नेटाने पुढे नेले. सेवेतल्या सैनिकाला निवडणूक लढवता येत नाही. वर्दी उतरवूनच मतदारापुढे जावे लागते, आणि तिथे हुद्दा चालत नाही. २०१२मध्ये मुख्यमंत्रिपदी असतानाच खंडुरी कोटद्वारमधून हरले. सत्तर जागांपैकी काँग्रेसला ३२, भाजपला ३१ मिळाल्या. कोटद्वार काँग्रेसकडे गेले होते. ती एक जागा त्यांनी जिंकली असती, तर हेच आकडे उलटे झाले असते. थोड्या मतांचे मोल मला तिथे कळले.