सिकलसेल तपासणी : अहवालाची प्रतीक्षा मिनिटांवर

जबलपूर येथील राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून सिकलसेलसह आदिवासींमधील आजारांवर संशोधन करीत आहे. या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेल्यास अहवालासाठी मजुरी बुडवून पुन्हा यावे लागते; अनेकजण परततच नाहीत. बोटातील थेंबभर रक्ताच्या जलद चाचणीचा निष्कर्ष मात्र काही मिनिटांत, त्याच भेटीत कळतो. दोष आढळल्यास प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी नागरिकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वी निष्कर्ष हाती येणे महत्त्वाचे ठरते.