सेल्फ ड्राइव्ह कार भाड्याने घेताय? छुपे चार्जेस असे ओळखा आणि टाळा

लाँग वीकेंड आला की ग्रुपवर गोव्याचा प्लॅन शिजतो आणि कोणीतरी ॲपवर सेल्फ ड्राइव्ह गाडी शोधायला लागतो. स्क्रीनवर भाडं स्वस्त दिसतं, पण ट्रिप संपल्यावर डिपॉझिटमधून भलतीच रक्कम कापली जाते. हे पैसे नेमके कुठे जातात आणि ते कसे वाचवायचे, ते पाहूया.

१. किलोमीटरची मर्यादा

सर्वात मोठा फटका इथेच बसतो. एक उदाहरण घेऊ. समजा, ३ दिवसांचं भाडं ६,००० रुपये आहे, त्यात ६०० किमी मोफत आणि पुढे प्रत्येक किमीला १२ रुपये. पुणे ते पणजी अंतर साधारण ४५० किमी, म्हणजे जाऊन-येऊन ९०० किमी. तिथलं फिरणं १५० किमी धरलं तर एकूण १,०५० किमी होतात. जादा ४५० किमीचे ५,४०० रुपये, म्हणजे जवळपास भाड्याइतकेच! त्यामुळे आधी गुगल मॅप्सवर अंतर मोजा आणि 'अनलिमिटेड किमी' पॅकेजशी तुलना करा.

२. आपोआप टिक झालेले पर्याय

पेमेंटच्या आधी 'ट्रिप प्रोटेक्शन', 'रोडसाइड असिस्टन्स' असे पर्याय आधीच निवडलेले असू शकतात. नको असेल ते काढून टाका. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी चार्जेस वाढवत नेणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग आणि न विचारता बिलात वस्तू घुसवणं म्हणजे बास्केट स्नीकिंग. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सविरोधात मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या १३ प्रकारांमध्ये हे दोन्ही आहेत. म्हणून शेवटच्या बिलाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३. प्रोटेक्शन प्लॅन म्हणजे पूर्ण विमा नव्हे

या प्लॅनमध्ये बऱ्याचदा ठराविक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्याच खिशातून जातं. टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि हरवलेली चावी अनेकदा कव्हरमधून वगळलेले असतात. बुकिंगमध्ये नाव नसलेल्या मित्राने गाडी चालवली, तर कव्हर हातचं जाऊ शकतं. ॲपमध्ये 'काय कव्हर नाही' हा भाग आधी वाचा.

४. गाडी घेताना ५ मिनिटांचा व्हिडिओ

आधीचा ओरखडा तुमच्या नावावर लागू नये, यासाठी हा सर्वात स्वस्त उपाय आहे:

- चारही बाजू, बंपर, टायर, रिम, काचा आणि छत न थांबता एकाच व्हिडिओत घ्या.
- आतल्या सीट, स्टेपनी आणि जॅक दाखवा.
- इंजिन चालू करून ओडोमीटर आणि इंधनाचा काटा शूट करा.
- जुने डाग, पोचे ॲपमध्ये नोंदवा किंवा मालकाला चॅटवर लगेच पाठवा.

गाडी परत देताना पुन्हा असाच व्हिडिओ काढा. अंधारात किंवा पावसात गाडी घेत असाल, तर उजेडाच्या जागी नेऊन शूट करा.

५. इंधन, फास्टॅग, उशीर

जेवढं इंधन होतं तेवढंच भरून द्या आणि पंपाची पावती जपा. फास्टॅगचा खर्च कोणाकडे आणि बॅलन्स किती, हे आधीच विचारा. परतीच्या वाटेवर ट्रॅफिक लागणारच, म्हणून दोन तास जास्तीचे धरूनच बुकिंग करा. उशीर होणार असेल तर वेळ संपण्याआधी ॲपमधूनच वाढवून घ्या, कारण लेट फी साधारणपणे नेहमीच्या तासाच्या दरापेक्षा जास्त असते.

६. नंबर प्लेट आणि परमिट

अधिकृत सेल्फ ड्राइव्ह गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी 'स्वस्तात देतो' म्हणून कोणी रोखीने देत असेल, तर सावध राहा. तपासणीत पकडलात तर ट्रिपचा विचका होईल. राज्याबाहेर जाणार असाल, तर परमिट चालतं का आणि कर कोण भरणार, हे चॅटवर लिहून घ्या. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदतही बघता येते.

७. पैसे कापलेच तर?

- प्रत्येक कपातीचं कारण, फोटो आणि दुरुस्तीचं बिल ॲपमधून लेखी मागा.
- चलन कापलं असेल, तर त्यावरची तारीख आणि वेळ तुमच्या ट्रिपशी जुळते का ते बघा.
- क्रेडिट कार्डने पैसे दिले असतील, तर बँकेकडे डिस्प्यूट नोंदवा.
- तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुढची पायरी ग्राहक आयोगाची. तिथली तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते.

लक्षात ठेवा, डिपॉझिट आणि भाडं ॲपच्या बाहेर, मालकाच्या खासगी यूपीआयवर कधीच देऊ नका. तसं केलं तर पुरावाही जातो आणि ॲपही हात वर करतं. पुढच्या ट्रिपचं बुकिंग ज्याच्या फोनवरून होणार आहे, त्याला हा लेख आत्ताच पाठवा.