पंपाचं सील आणि तयार फाईल

आजचं व्याख्यान लकडगंजात ठरलं, तेव्हा संयोजकांना वाटलं होतं की आम्ही उपनिषदांवर बोलू, नाहीतर फार तर कांटवर. आम्ही विषय कळवला : मालवाहू पिकअपच्या इंजिनाचं सेटिंग. त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा डिझेल इंजिनाशी संबंध काय, ही त्यांची शंका रास्तच होती.

संबंध असा. मार्च महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेला, आता स्वतःची पिकअप चालवतो. इथल्या आरा मशीनवरून चिरलेलं सागवान आणि दारांच्या चौकटी भरायच्या, सावनेर-सौंसरमार्गे छिंदवाड्याला पोचवायच्या. गाडी २०१८ ची, बीएस-४, सेकंडहँड घेतलेली, हप्ते अजून बाकी. म्हणाला, “सर, सिल्लेवानीच्या घाटात गाडी वढत नाही. मागून येणारे हॉर्न मारतात. एक जण म्हणते, लॅपटॉपमध्ये तयार फाईल आहे, अर्ध्या घंट्यात टाकून देतो. दुसरा पुण्याचा आहे, महिन्यातून एकदा इकडे येते. तो म्हणते, गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा, चालवून पाहीन, मोजीन, मग तुमच्या गाडीपुरती फाईल बनवीन. पैसे तिप्पट. तुम्ही आम्हाला विचार करायला शिकवलं, आता सांगा.”

आम्ही त्याला आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि आठवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात जर्मनीतून करावी लागते. रुडॉल्फ डिझेलला पेटंट मिळालं १८९३ मध्ये आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन नीट चालून मोजलं गेलं ते १८९७ मध्ये. पण हे इंजिन रस्त्यावर यायला पुढची तीस वर्षं लागली. कारण इंधन सिलिंडरमध्ये घुसवायला दाबाखालची हवा लागायची आणि त्यासाठी एक भलाथोरला कॉम्प्रेसर. कारखान्यात ठीक, जहाजात ठीक, पण ट्रकवर तो लादणार कुठे? १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन ढकलणारा आटोपशीर पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि डिझेलचा ट्रक खऱ्या अर्थाने शक्य झाला. म्हणजे इंजिन डिझेलचं, पण त्याला रस्त्यावर आणलं पंपाने. आपल्याकडे बंगळूरला १९५१ मध्ये मायको सुरू झाली आणि हे पंप भारतात बनू लागले. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. आमच्या पिढीने रस्त्यावर ट्रक म्हणून जे पाहिलं, ते हेच.

आता हा पंप नीट समजून घ्या, कारण आजचा वाद त्याच्यातूनच निघालेला आहे. सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर पंपात सहा छोटे दट्टे, एका रांगेत. प्रत्येक दट्टा दर फेऱ्याला मोजून तितकं डिझेल ढकलतो. जास्तीत जास्त किती ढकलायचं, ते ठरवायला एक स्क्रू असतो. कारखान्यात तो बसवला, की त्यावरून तार ओवून शिशाचं सील मारतात. हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. आणि हात लावायचा कुठे, हेही सगळ्या गावाला त्यावरूनच कळतं!

आमचे थोरले बंधू इथे एका टालावर मुनीम होते. साल असेल १९७२-७३. टालाचा एक जुना, पुढे नाक असलेला ट्रक होता, बल्लारशाहून सागवान आणायचा. मालकांना वाटलं, एका खेपेत दोन ओंडके जास्त यावेत. एका मिस्त्रीने सील तोडलं आणि ‘पंप वाढवला’. हा शब्द तेव्हापासूनचा, आजही गॅरेजात ऐकू येतो. ट्रक खरोखर पळायला लागला. मागे काळा धूर, पण त्या काळी काळा धूर म्हणजे ताकद अशी समजूत होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला वरोऱ्याच्या अलीकडे हेड गॅस्केट गेलं. बंधू आणि ड्रायव्हर दोन रात्री ओंडक्यांवर झोपले. मिस्त्री म्हणाला, ट्रक जुना होता. ड्रायव्हर म्हणाला, मिस्त्री नवीन होता. पगार मात्र बंधूंचा कापला गेला, कारण खेप त्यांच्या सहीने निघाली होती.

पण त्याच काळात दुसऱ्या प्रकारचे कारागीरही होते. पंप कॅलिब्रेशनवाले. ते पंप इंजिनावरून उतरवून बेंचवर चढवायचे, ठरावीक फेरे फिरवायचे आणि सहाही दट्ट्यांतून निघालेलं डिझेल आखणी केलेल्या काचेच्या नळ्यांत मोजायचे. समोर पंप बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता असायचा, अमुक मॉडेलला अमुक फेऱ्यांत अमुक इतकं. सहाही नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे. म्हणजे बघा, तयार सेटिंग तेव्हाही होतं, तक्त्याच्या रूपाने. आणि गाडीपुरतं सेटिंगही होतं, नळीकडे बघणाऱ्या डोळ्याच्या रूपाने. चांगला कारागीर दोन्ही वापरायचा. वाईट मिस्त्री दोन्ही टाळून सरळ स्क्रूला हात घालायचा.

मग स्क्रू गेला. १९९७ मध्ये युरोपात कॉमन रेल पद्धतीची पहिली प्रवासी मोटार आली. त्यात दट्ट्यांची रांग नाही. एका जाड नळीत प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवायचं आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडायचा. किती उघडायचा, केव्हा उघडायचा, हे ठरवतो एक छोटा संगणक, ईसीयू. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही पद्धत मालवाहू गाड्यांतही आली. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला.

ईसीयूच्या आत तक्तेच असतात, त्यांना मॅप म्हणतात. इंजिन इतक्या फेऱ्यांवर, पाय पेडलवर इतका, तर डिझेल इतकं. हवा इतकीच येत असेल तर धूर होऊ नये म्हणून डिझेल यापुढे नाही. हवा तापली असेल तर अजून कमी. मंडळी, या शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेत. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४७ अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. हवा कमी म्हणजे जळणारं डिझेल कमी. कारखान्याच्या फाईलला हे ठाऊक असतं, तिच्यात उन्हाळ्यासाठी वाकण्याची सोय आधीच केलेली असते. उन्हाळ्यात गाडी घाटात थोडी मंद होते, तो दरवेळी बिघाडच असतो असं नाही. कित्येकदा तो शहाणपणा असतो.

आता त्या पोराच्या दोन पर्यायांकडे येऊ. तयार फाईल म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी गावी, त्याच मॉडेलच्या एका किंवा अनेक गाड्यांवर बसवलेले बदललेले मॅप. बनवणारा जबाबदार असेल तर तो बरीच जागा राखून बदल करतो, कारण ती फाईल कुणाच्या गाडीत जाईल ते त्याला माहीत नसतं. हा तिचा गुण आहे, आणि तो आम्ही कमी लेखत नाही. अर्धवट ज्ञानाच्या ‘खास तुमच्यासाठी’पेक्षा ती केव्हाही बरी. पण ती गृहीत धरते की तुमची गाडी निरोगी आहे. शिवाय यातल्या कित्येक फाईली स्वतःच्या हौसेसाठी गाडी चालवणाऱ्यांच्या मागणीतून जन्मल्यात. त्यांचा पाय पेडलवर पूर्ण दाबलेला असतो तो काही सेकंद. भरलेली पिकअप घाटात वीस-वीस मिनिटं तशी चालते. तेवढ्यात एक्झॉस्टचं तापमान कुठल्या कुठे जातं आणि टर्बो, पिस्टन सगळं पणाला लागतं.

तिसरीही एक वस्तू बाजारात आहे, वायरमध्ये जोडायची डबी. ती ईसीयूला हातही लावत नाही. रेलमधला दाब मोजणारा सेन्सर जे सांगतो, ते ती मधल्यामध्ये बदलून कमी सांगते. ईसीयू बिचारा प्रामाणिक, दाब कमी आहे असं समजून वाढवत राहतो. हिशोबनीसाला खोटी पावती द्यायची आणि त्याच्याकडून खरा हिशोब मागायचा, असला हा प्रकार. आम्हाला तो पटत नाही, हे इथेच सांगून मोकळे होतो.

गाडीपुरती फाईल म्हणजे काय? आधी गाडी आहे तशी चालवायची आणि आकडे नोंदवायचे. ईसीयूने टर्बोकडे किती दाब मागितला, प्रत्यक्षात किती मिळाला, हवा किती आली, तापमान किती. मग थोडा बदल, पुन्हा फेरी, पुन्हा नोंद. जुन्या काचेच्या नळ्या आता पडद्यावरच्या रेषा झाल्यात, एवढंच.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटल आठवला, आणि त्याला आमचा नाइलाज आहे. नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो कायद्याबद्दल बोलतो. कायदा सर्वसामान्य असतो, म्हणून एखाद्या विशिष्ट प्रसंगी तो चुकतो. त्यासाठी तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची मोजपट्टी सांगतो. ती शिशाची असायची. दगड वाकडा असेल तर पट्टी दगडाप्रमाणे वाकायची. पंपाचं सीलही शिशाचं आणि ही पट्टीही शिशाची! एक म्हणतं हात लावू नका, दुसरी म्हणते वस्तू आहे तशी बघा. (आपल्या वैशेषिकांनीही सामान्य आणि विशेष हे वेगळे पदार्थ मानले, पण त्यांचा विशेष परमाणूंसारख्या नित्य द्रव्यांचा. पिकअपला तो लावू नका, परीक्षेत मार्क जातील.)

ॲरिस्टॉटलचं खरं म्हणणं मात्र पट्टीच्या पुढे जातं. नियम वाकवायचा तो मनाला येईल तसा नाही. नियम करणारा स्वतः इथे हजर असता तर त्याने जे सांगितलं असतं, ते करायचं. आम्ही हेच पुण्याच्या त्या माणसाला विचारायला सांगितलं. कारखान्यातला इंजिनिअर मे महिन्यात सिल्लेवानीच्या घाटात या भरलेल्या गाडीशेजारी उभा असता, तर त्याने काय केलं असतं? डिझेल वाढवलं असतं का? आम्हाला शंका आहे.

अर्थात कारखान्यातला इंजिनिअर म्हणजे काही ऋषी नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत अशी फाईल कारखान्यातूनच भरलेली होती, की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. म्हणजे सील शाबूत, आणि आतला मजकूर खोटा. दुसरीकडे अमेरिकेत पिकअपवाल्यांनी काय केलं तेही बघा. तिथल्या पर्यावरण खात्याने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात अंदाज दिला की, आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली किंवा निकामी केली गेली. त्यांतल्या कितीतरी गाड्यांत फाईल तयार होती की बेतलेली, याने त्या धुरात श्वास घेणाऱ्या पोराला काही फरक पडला नाही.

आपला कायदाही यात आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत परस्पर फेरबदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असे फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीने ईसीयू तपासला, तर काय होईल हा आणखी वेगळा विषय. तिप्पट पैशांचा हिशोब करताना पोराने हे कुठेच मांडलं नव्हतं, कारण दोघांपैकी कुणीही ते त्याला सांगितलं नव्हतं.

तर आठ दिवसांनी तो आला. आम्ही म्हटलं, फाईल कुणाचीच टाकू नकोस. पुण्याच्या माणसाला फक्त पहिल्या फेरीचे पैसे दे, गाडी आहे तशी मोजायचे. तो माणूस सरळ निघाला, कबूल झाला. भंडारा रोडवर गाडी भरून चालवली. पडद्यावर दोन रेषा आल्या, मागितलेला दाब वर आणि मिळालेला दाब बराच खाली. बॉनेट उघडलं. एअर फिल्टर लाकडाच्या भुशाने असा गच्च झालेला, की आपटला तर गोवरी पडावी! गाडी रोज आरा मशीनच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी, दुसरं काय होणार? शिवाय टर्बोकडून येणारा रबरी होज एका बाजूने चिरलेला. अर्धी हवा वाटेतच जात होती.

अर्ध्या घंट्यात टाकायची ती फाईल याच गाडीत टाकली असती तर तिने या अर्धपोटी इंजिनाला वर आणखी डिझेल पाजलं असतं. वरोऱ्याच्या त्या दोन रात्री आमच्या डोळ्यांपुढे आल्या.

फिल्टर आणि होज बदलला. पुढल्या खेपेला त्याने घाटाच्या माथ्यावरून फोन केला, “सर, तिसऱ्यावर चढली.” आम्ही विचारलं, धूर? म्हणाला, “आरशात पाहिलं नाही सर, आता उतरताना लक्ष ठेवतो.” फाईलचं तो दिवाळीनंतर बघणार आहे, हप्ते संपल्यावर. तेव्हा पुन्हा येईल आणि हाच प्रश्न विचारील, असा आमचा अंदाज आहे.

सभागृहात दोघे-तिघे ट्रान्सपोर्टवाले दिसतायत. त्यांनी आधी बोलावं, आमचं कुठे चुकलं ते सांगावं. माईक तिकडे द्या.