एम्बेडेड प्रणालीतील बूट बिघाड

एम्बेडेड प्रणालीतील बूट बिघाड म्हणजे विशिष्ट यंत्रासाठी स्वतंत्रपणे बांधलेली संचालन प्रणाली वीजपुरवठा सुरू झाल्यानंतर वापरयोग्य अवस्थेपर्यंत न पोहोचणे होय. राउटर, टॅब्लेट, औद्योगिक नियंत्रक, वैद्यकीय उपकरणे व अंतराळयाने यांत असा बिघाड आढळतो. अशा यंत्राला बहुधा पडदा वा कळफलक नसतो. त्यामुळे बिघाडाचे निदान प्रामुख्याने सिरियल कन्सोलवरील संदेशांच्या आधारे केले जाते. या लेखातील विवेचन मुख्यतः लिनक्सवर आधारित प्रणालींविषयी आहे. त्या तयार करण्यासाठी बिल्डरूट व योक्टो ही मुक्तस्रोत साधने प्रचलित आहेत.

## बूट होण्याचे टप्पे

१. बूट रॉम : प्रोसेसरमध्ये कायमस्वरूपी कोरलेला हा प्रोग्राम एसडी कार्ड, फ्लॅश किंवा यूएसबी यांपैकी एका ठिकाणाहून पुढील प्रोग्राम वाचतो.
२. प्राथमिक लोडर : आकाराने लहान असलेला हा प्रोग्राम प्रोसेसरमधील अंतर्गत स्मृतीत बसतो व मुख्य रॅम कार्यान्वित करतो.
३. बूटलोडर : यू-बूटसारखा प्रोग्राम कर्नल व डिव्हाइस ट्री रॅममध्ये आणतो. डिव्हाइस ट्री ही यंत्रातील घटकांचे वर्णन करणारी फाइल असते.
४. कर्नल : हा ड्रायव्हर सुरू करून रूट फाइल सिस्टिम जोडतो.
५. इनिट : ही पहिली वापरकर्ता-प्रक्रिया असून ती इतर सर्व सेवा सुरू करते.

प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याकडे नियंत्रण सोपवतो. म्हणून शेवटचा संदेश कोणत्या टप्प्याने दिला, हे निश्चित केल्यास शोधाचे क्षेत्र एकदम मर्यादित होते.

## निदान

सिरियल कन्सोलसाठी बोर्डावरील तीन तारा पुरेशा असतात : प्रेषण, ग्रहण व भू-जोडणी. एका बाजूची प्रेषण तार दुसऱ्या बाजूच्या ग्रहण तारेला जोडावी लागते. अनेक बोर्डांवर संदेशांचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट आणि विद्युतदाब ३.३ व्होल्ट असतो. जुन्या आरएस-२३२ जोडणीचा दाब याहून बराच अधिक असल्याने ती थेट जोडल्यास प्रोसेसर निकामी होऊ शकतो.

### कोणताही संदेश न येणे
वीजपुरवठा अपुरा असणे, बूट निवडीच्या पिना चुकीच्या असणे किंवा प्राथमिक लोडर माध्यमावर अपेक्षित जागी नसणे ही प्रमुख कारणे होत. रॅमची वेळमापने चुकल्यास प्राथमिक लोडरचे संदेश येतात, परंतु बूटलोडर सुरू होत नाही.

### कर्नल सुरू झाल्याच्या सूचनेनंतर शांतता
यू-बूटची ही शेवटची सूचना दिसल्यानंतर काहीच न येणे म्हणजे कर्नल थांबलाच, असे नाही. कर्नलला कन्सोलचे चुकीचे नाव दिले असल्यास तो चालू असूनही त्याचे संदेश दिसत नाहीत. ‘अर्लीकॉन’ हा पर्याय वापरल्यास मुख्य कन्सोल सुरू होण्यापूर्वीचे संदेश मिळतात. त्यानंतरही शांतता असल्यास डिव्हाइस ट्री व कर्नलचा लोड पत्ता तपासला जातो.

### रूट फाइल सिस्टिम न जोडली जाणे
या वेळी कर्नल ‘पॅनिक’ अवस्थेत जातो व कंसात दोन अंक दाखवतो. (०,०) हे अंक सहसा साठवण माध्यम ओळखले न गेल्याचे निदर्शक असतात. माध्यमाचा ड्रायव्हर नसल्यास किंवा कार्ड ओळखण्यास वेळ लागत असल्यास असे घडते. दुसऱ्या कारणावर ‘रूटवेट’ हा पर्याय उपयोगी पडतो. (१७९,२) असे अंक असल्यास एसडी कार्डाचे दुसरे विभाजन सापडलेले असते, परंतु त्यावरील फाइल सिस्टिम खराब आहे किंवा कर्नलमध्ये तिचा आधार नाही, असा अर्थ निघतो.

### इनिट न चालणे
त्रुटी क्रमांक −८ हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसर-रचनेसाठी बांधला गेल्याचे सुचवतो. क्रमांक −२ चा शब्दशः अर्थ ‘फाइल नाही’ असा असला, तरी इनिटची फाइल जागेवर असूनही तो येऊ शकतो. अशा वेळी तिला लागणारा डायनॅमिक लोडर गहाळ असतो.

## उदाहरणे

### आकाश टॅब्लेट
मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या ‘आकाश २’ या स्वस्त टॅब्लेटचे अनावरण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. त्यात अँड्रॉइड ही प्रणाली होती. संस्थेतील फॉसी प्रकल्पात त्यावर ग्नू/लिनक्स चालवण्याचे कामही झाले. टॅब्लेटमधील ऑलविनर ए१३ प्रोसेसरचा बूट रॉम अंतर्गत फ्लॅशच्या आधी एसडी कार्ड तपासतो. त्यामुळे कार्डावरील प्रयोग फसला, तरी कार्ड काढताच मूळ प्रणाली सुरू होऊ शकते. मात्र प्राथमिक लोडर कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइट अंतरावरच असावा लागतो. फाइल म्हणून कार्डावर त्याची प्रत ठेवल्यास बूट रॉमला तो सापडत नाही.

### स्पिरिट रोव्हर
२१ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील नासाच्या ‘स्पिरिट’ या बग्गीशी असलेला संपर्क विस्कळीत झाला. फ्लॅशमधील फाइलींची संख्या वाढल्याने त्यांची नोंद ठेवण्यास रॅम अपुरी पडत होती. फ्लॅश जोडताना प्रणाली कोलमडे, पुन्हा सुरू होई आणि त्याच जागी परत अडखळे. बग्गी निद्रावस्थेत जाऊ न शकल्याने बॅटरीही उतरत होती. अभियंत्यांनी फ्लॅश न जोडता बूट होण्याची आज्ञा पाठवून बग्गीवर पुन्हा नियंत्रण मिळवले. कालांतराने फ्लॅशची नव्याने रचना करण्यात आली.

## प्रतिबंधक उपाय

दूरस्थ यंत्रांत प्रणालीच्या दोन प्रती वेगवेगळ्या विभाजनांत ठेवल्या जातात व अद्ययावतीकरण एका वेळी एकाच प्रतीचे केले जाते. यू-बूट अयशस्वी प्रयत्न मोजतो आणि ठरावीक मर्यादेनंतर पर्यायी आज्ञा चालवतो. गोठलेले यंत्र वॉचडॉग टाइमर पुन्हा सुरू करतो. परंतु केवळ वॉचडॉग असल्यास सदोष प्रणाली पुनःपुन्हा सुरू होत राहते. म्हणून तो प्रयत्न-मोजणीसह वापरणे आवश्यक ठरते.

## हेही पहा
* लिनक्स कर्नल
* बूटलोडर
* आकाश (टॅब्लेट)